टॉर्च पेटवण्यापूर्वी

एका भांड्यात खाण्याचा सोडा घेऊन त्यावर व्हिनेगर ओता. फेस येतो आणि भांडे कार्बन डायऑक्साइडने भरते. आता भांडे हळूच कलते करून, आतले पाणी सांडू न देता, हा अदृश्य वायू पेटत्या मेणबत्तीवर 'ओता'. मेणबत्ती विझेल! हवेचा सरासरी रेणुभार २९, तर या वायूचा ४४. म्हणून तो पाण्यासारखा खाली वाहतो.

प्रोपेनचा रेणुभारही ४४च आहे आणि ब्यूटेनचा ५८. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे या दोघांचे मिश्रण. मात्र हा वायू ज्योत विझवत नाही, भडकवतो. पूर्वी सोनार दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने फुंकर घालून दागिन्याला डाख देत. आज हौशी कलाकार तेच काम घरी गॅसटॉर्चने करतात. तेव्हा या गॅसचा स्वभाव ओळखायलाच हवा.

गळलेला गॅस जमिनीलगत पसरतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. म्हणून केवळ उंचावरची खिडकी उघडून भागत नाही. खालची हवाही बाहेर गेली पाहिजे. तळघरात तर टॉर्च मांडूच नये.

सिलिंडर ज्योतीपासून दूर व नेहमी उभा ठेवावा. का बरे? आत तळाशी द्रव आणि वर वायू असतो. सिलिंडर आडवा केला तर द्रवच नळीत शिरतो. द्रवाचा वायू होताना आकारमान सुमारे २५० पट वाढते आणि ज्योत एकाएकी भडकते.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून गळती कधीही शोधू नका. या गॅसला स्वतःचा वास नसतो. त्यात मुद्दाम मिसळलेले मरकॅप्टन आपल्याला सावध करते. वास आलाच तर सिलिंडर बंद करा, दारे उघडा, पण विजेचे बटण दाबू नका. ठिणगी तेथेही उडते.

टेबलावर अग्निरोधक विटा मांडा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत म्हणजे हवा अपुरी. अशा ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. काम संपले की आधी सिलिंडर बंद करा. नळीत उरलेला गॅस जळून गेला की मगच टॉर्चची झडप फिरवा.

आणि हे सारे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. मेणबत्तीचा प्रयोग मात्र उद्याच वर्गात करून पाहा!