रोवणी आटोपली, आता गिअरबॉक्सचे तेल पाहा

धानाची रोवणी आटोपली की केजव्हील उतरतात, ट्रॅक्टर धुतला जातो आणि गोठ्याशेजारी उभा राहतो. इंजिनाचे तेल आपण पाहतो, रेडिएटरात पाणी घालतो. गिअरबॉक्सचे तेल मात्र फारसे कोणी पाहत नाही. कारण विचारावे तर रामटेक, मौदा, पारशिवनीकडे एकच उत्तर मिळते, "साहेब, त्याची पट्टी निघतच नाही."

शेतकरी बंधूंनो, पट्टी निघत नाही म्हणून तेल पाहायचे सोडू नका. चिखलणीत ट्रॅक्टरचा मागचा भाग तासन्‌तास पाण्यात असतो. तापलेली पेटी पाण्याने एकदम थंड झाली की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्या पाण्याने बेअरिंग गंजतात, दात खरबडतात. जुन्या मॅसी फर्ग्युसनसारख्या ट्रॅक्टरात गिअर आणि हायड्रॉलिक लिफ्ट एकाच तेलावर चालतात. हॅरी फर्ग्युसनच्या १९४६ च्या ट्रॅक्टरपासूनची ही रचना आहे. अशा ट्रॅक्टरचे तेल बिघडले तर गिअरबरोबर लिफ्टही रुसते.

तेल पाहण्यासाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करावे आणि मागचे अवजार जमिनीवर टेकवावे. लिफ्ट वर राहिली तर काही तेल तिच्या सिलिंडरात अडकते आणि पट्टी कमी तेल दाखवते. पंधरा-वीस मिनिटे थांबून मग पट्टी काढावी. घरची मुले मोबाइलवर पाहून सांगतात की इंजिन चालू ठेवून तेल मोजायचे. ती रीत पुष्कळशा ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारींची आहे, आपल्या ट्रॅक्टरची नव्हे.

आता अडकलेल्या पट्टीकडे वळू. ती बहुधा तीन कारणांनी अडकते. तोंडाशी माती आणि तेल मिळून घट्ट खपली धरते, रबरी रिंग फुगून कडक होते, किंवा नळीला गंज चढतो. पहिले काम ब्रशने भोवतालची माती झाडण्याचे. हे आधी न केल्यास पट्टी निघताच ती माती तेलात पडते. मग तोंडाशी गंज सोडवणारे तेल, नाहीतर थोडे डिझेल सोडून रात्रभर राहू द्यावे. सकाळी पट्टी हलक्या हाताने डावी-उजवी फिरवावी. ती फिरू लागली की फिरवतच वर घ्यावी. आट्यांची पट्टी असेल तर बरोबर मापाचा पाना लावावा. पक्कडीने कडी धरून सरळ हिसका देणे मात्र टाळावे. कडी हातात येते आणि पट्टी आतच राहते. हातोडीचेही इथे काम नाही. एवढे करूनही पट्टी हलली नाही तर मिस्त्रीला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

पट्टी तुटून तुकडा आत पडला तर ट्रॅक्टर सुरू करू नये, शेतातून घरी आणण्यापुरतासुद्धा नाही. तो तुकडा गिअरच्या दातांत सापडला तर दहा रुपयांच्या वस्तूपायी पेटी फुटायची. लांब चुंबकाने निघाला तर ठीक, नाहीतर मिस्त्रीकडून बाजूचे झाकण उघडून घ्यावे.

निघालेली पट्टी धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्याने पुसावी, पुन्हा घालावी आणि मग वाचावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. आट्यांची पट्टी पिळून मोजायची की नुसती टेकवून, हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते. तेलाचा रंगही पाहा. दुधाळ, पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे. असे तेल वरून भर घालून सुधारत नाही, सगळे बदलावे लागते आणि सीलही पाहावे लागते. पट्टीला चमकदार कण लागले तर दात किंवा बेअरिंग झिजते आहे असे समजावे. काढलेले तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

नवे तेल पुस्तकात लिहिलेलेच घ्यावे. "नव्वद नंबर टाका" हे सगळ्या ट्रॅक्टरांना लागू नाही. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर त्यांना वेगळे तेल लागते, चुकीच्या तेलाने ब्रेक घसरू शकतात. ट्रॅक्टरची निगा शिकायची असेल तर मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था आहे. नागपूर-भोपाळ रेल्वेमार्गावरच ते गाव आहे.

पट्टीच्या जागी चिंधी कोंबून काम भागवणारेही पुष्कळ आहेत. चिंधीतून पाणी झिरपते आणि तिचे धागे लिफ्टच्या जाळीत जाऊन बसतात. त्यापेक्षा नवी रबरी रिंग आणावी, आणि दुकानात जाताना जुनी रिंग खिशात घालून न्यावी. अंदाजाने आणलेली रिंग थोडी जरी जाड निघाली तरी पट्टी पुढच्या रोवणीला पुन्हा अडकायची.