समुद्राकडे कूस करून झोपलेली गावं

टेलिफोनच्या एका लाल खोक्याशेजारी उभं राहून फोटो काढायला माणसं देशोदेशींहून एका खेड्यात येतात, आणि ज्या खोक्याच्या ओढीनं येतात ते गावाचं कधी नव्हतंच! स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पेननची ही गोष्ट. 1983 मध्ये 'लोकल हीरो' नावाचा चित्रपट आला. अमेरिकेतली एक तेल कंपनी अख्खं स्कॉटिश गाव विकत घ्यायला आपला माणूस पाठवते आणि तो गावातल्या फोनबूथमधून ह्यूस्टनच्या साहेबाला खबर देत राहतो. दिग्दर्शक बिल फोर्साइथ यांनी तो बूथ शूटिंगपुरता उभा केला होता. चित्रपट गाजला, लोक बूथ शोधत येऊ लागले आणि त्यांच्या कॅमेऱ्यांसमोर आला तो थोड्या अंतरावरचा, गावाचा खरा फोन. पुढे त्यालाच संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

चित्रपटातली ती लांबच लांब पांढरी वाळू मात्र पेननला शोधू नका. ती पार दुसऱ्या टोकाची, पश्चिम किनाऱ्यावरच्या मोरारजवळची. पेननचा किनारा गोट्यांचा. समोर समुद्र, मागे सरळसोट कडा आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पांढऱ्या घरांची एक रांग, झालं गाव! कडाही काही गरीब नाही. 2007 च्या पावसात तो चिखल होऊन खाली आला आणि लोकांना घरं सोडावी लागली. मार्क नॉफ्लरनं या चित्रपटासाठी केलेली धून मात्र फुटबॉलच्या मैदानात जाऊन पोहोचली. न्यूकासल युनायटेडचा संघ घरच्या मैदानावर उतरतो तो हीच धून ऐकत.

पेननहून पश्चिमेला निघालं की थोड्याच अंतरावर क्रोव्ही लागतं. लिहिताना क्रोव्ही, बोलताना क्रिव्ही. माझ्या मते या किनाऱ्यावरचं सगळ्यात विलक्षण गाव हेच. इथं घरांच्या पुढून रस्ता जात नाही, कारण रस्त्याला जागाच नाही. आहे ती एक पायवाट, तिच्या एका बाजूला उंबरठे आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. गाड्या गावाच्या टोकाला ठेवायच्या आणि किराण्यापासून फर्निचरपर्यंत सगळं एकचाकी हातगाडीवर घालून घरापर्यंत ढकलत न्यायचं. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या समुद्राच्या काठावरच. चादर वाऱ्यानं फुगली की शिडासारखी दिसते.

आणि घरं? ती समुद्राकडे तोंड करून नाहीतच. बहुतेक घरांची अरुंद, त्रिकोणी माथ्याची बाजूची भिंत समुद्राकडे असते, जणू गावानं एका कुशीवर पडून लाटा पाठीवर घेतल्या आहेत. पोस्टकार्डावर हे गोड दिसतं, पण यात सौंदर्याचा विचार शून्य आणि जिवाचा विचार पुरेपूर. वारा आणि लाटा यांना धडकायला कमीत कमी भिंत मिळावी, हा हिशेब. शिवाय वादळात होड्या ओढून दोन घरांच्या फटीत ठेवता येतात. पण मुळात इतक्या अडचणीच्या जागी कुणी घर बांधेल कशाला? तर अठराव्या शतकाच्या अखेरीला जमीनदारांना शेतीच्या माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटू लागल्या. आतल्या भागातली कुटुंबं उठवली गेली आणि या कड्याखाली येऊन मासेमारीला लागली. नांगर धरणाऱ्या हातांनी वल्हं धरलं, ते पोटासाठी.

31 जानेवारी 1953 पर्यंत हा हिशेब बऱ्यापैकी जमला. मग ते वादळ आलं. याच वादळानं त्याच दिवशी 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया' ही प्रवासी बोट बुडवली आणि नेदरलँड्समध्ये समुद्र आत घुसून अठराशेहून अधिक माणसं गेली. क्रोव्हीतली काही बांधकामं पाण्यानं नेली, बरीच कुटुंबं गाव सोडून गेली ती परतली नाहीत. आज तिथली बहुतेक घरं सुट्टीपुरती उघडतात. गाव जसंच्या तसं राहिलं याचं कौतुक करताना हे कारणही माहीत असावं.

शेजारचं गार्डनस्टाउन अजून नांदतं आहे. अलेक्झांडर गार्डन या जमीनदारानं ते 1720 मध्ये वसवलं, पण आसपासची माणसं त्याला गेमरी म्हणतात. उतारावर घरं अशी रचलेली की खालच्या घराचं धुराडं वरच्या घराच्या खिडकीशी यावं. वस्ती जेमतेम सातशेच्या घरातली आणि चर्च अर्धा डझन! वरच्या टेकडीवर आणखी एक, सेंट जॉनचं पडकं चर्च आहे. 1004 मध्ये स्थानिकांनी इथं डेन्मार्कच्या हल्लेखोरांना हरवलं आणि त्यांच्या तीन सरदारांच्या कवट्या चर्चच्या भिंतीत बसवल्या, अशी दंतकथा आहे.

या गावांत आडनावं मोजकीच. वॉट, वेस्ट, वाइजमन यांनी गाव भरलेलं, त्यात पहिली नावंही आजोबांचीच ठेवायची रीत. मग एकाच नावाची पाच-सहा माणसं निघाली की कर्ज कुणाचं, होडी कुणाची हे ठरणार कसं? म्हणून प्रत्येक घराण्याला एक जोडनाव असे आणि ते सरकारी कागदांवरही आडनावाबरोबर नोंदलं जाई.

होडीवर गेल्यावर काही नावं मात्र तोंडातून काढायचीच नाहीत. डुक्कर, ससा, पाद्री आणि सामन मासा, ही चार तर नाहीच नाही. सामनला 'लाल मासा' म्हणायचं. चुकून खरं नाव निघालंच तर 'थंड लोखंड' असं म्हणत जवळच्या लोखंडाला हात लावायचा. रविवारी चर्चला न जाणारा माणूस सापडणं कठीण, त्याच गावात समुद्रावर पाद्र्याचं नाव वर्ज्य! मला यात विसंगती वाटत नाही. ज्याच्या पायाखाली फळी आणि फळीखाली उत्तर समुद्र आहे, तो कुठल्याच शक्तीला नाराज करणार नाही.

या किनाऱ्याचं सोनं म्हणजे हेरिंग मासा. 1907 मध्ये स्कॉटलंडनं खारवलेल्या हेरिंगची सुमारे 25 लाख पिंपं बाहेर पाठवली, मुख्यतः जर्मनी, पूर्व युरोप आणि रशियाला. या आकड्यामागे बायकांचे हात होते. तिघींची एक टोळी. दोघी मासे साफ करणार, तिसरी पिंपात थर लावत मीठ भरणार. आखूड सुरीचा एक वळसा आणि आतडी बाहेर, मिनिटाला चाळीसच्या वर मासे. सुरी घसरली की जखम आणि जखमेत मीठ. म्हणून कामाला बसण्याआधी बोटाबोटाला कापडाच्या चिंध्या घट्ट गुंडाळायच्या. मासळीचे थवे सरकतील तशा या मुली शेटलंडपासून इंग्लंडच्या यारमथपर्यंत जात, आणि हात मोकळा मिळाला की चालता चालता मोजे-स्वेटर विणत. बोटींची नावं बंदरातल्या पाट्यांवर सापडतात. मला तिथं या मुलींची नावं वाचायला आवडली असती.

आता मराठी वाचकानं कान टवकारावेत अशी गोष्ट. गार्डनस्टाउनच्या पश्चिमेला बॅन्फ हे छोटं शहर आहे. 1789 मध्ये तिथं जन्मलेला जेम्स ग्रँट पुढे साताऱ्याला कंपनी सरकारचा रेसिडेंट झाला, छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी वावरला, कागदपत्रं आणि बखरी जमवल्या आणि 1826 मध्ये मराठ्यांचा तीन खंडांतला इतिहास छापला. तोच आपला ग्रँट डफ! 'डफ' हे नाव त्याला आईकडून आलेल्या ईडन इस्टेटीबरोबर मिळालं, आणि ही इस्टेट बॅन्फजवळचीच. त्याच्या चुका नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी परखडपणे दाखवल्या आणि आपल्याकडच्या इतिहाससंशोधनाला त्यातून धार आली. सह्याद्रीतल्या लढायांवर लिहिणारा हा माणूस अशा किनाऱ्यावरून आलेला, हे कळल्यावर बॅन्फच्या गल्ल्या वेगळ्याच वाटतात.

आणखी पश्चिमेला कलन. हे गाव चक्क उचलून दुसरीकडे ठेवलेलं आहे. जुनं कलन जमीनदाराच्या वाड्याला फार खेटून होतं, म्हणून 1820 च्या दशकात ते पाडून समुद्राजवळ नवं बांधलं. पुढे रेल्वे आली तेव्हा वाड्याच्या आवारातून रूळ न्यायला नकार मिळाला, म्हणून गावावरून उंच कमानींचा पूल काढावा लागला. 1968 मध्ये गाडी बंद झाली. आता पुलावरून सायकली जातात आणि खाली कोळीवाड्याची रंगीत घरं दिसतात.

कलनला गेलात तर कलन स्किंक खाल्ल्याशिवाय हलू नका. धुरावलेला हॅडॉक मासा दुधात मंद शिजवायचा, काटे काढायचे, कांदा लोण्यावर परतायचा, बटाटे उकडून थोडे कुस्करायचे म्हणजे सार दाट होतं, आणि सगळं पुन्हा दुधात एकत्र. मासा आणि दूध ही जोडी ऐकून आपल्याकडची आजी कपाळाला हात लावेल, पण गार वाऱ्यातून आल्यावर त्या धुरकट, गोडसर घोटासारखं दुसरं काही नाही. या सारासाठी कलनमध्ये दरवर्षी जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरते!

जायचं तर मे ते जुलैमध्ये जा. जूनअखेरीस इथं जवळजवळ अठरा तास उजेड असतो, डिसेंबरात जेमतेम साडेसहा. समुद्रावरून अचानक दाट धुकं येतं, तेव्हा स्वेटर उन्हाळ्यातही हवाच. कुणाच्या कुरणातून चालावं लागलं तरी बिचकू नका. 2003 च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये बहुतेक जमिनीवरून जबाबदारीनं फिरायचा हक्क सगळ्यांना आहे. फाटक मात्र मागे लावून घ्या. आणि पेनन-क्रोव्हीच्या मधल्या ट्रूप हेडच्या कड्यावर जाऊन गॅनेट पक्षी पाहाच. पंख पसरले की सहा फूट, आणि मासा दिसला की पंख मागे मिटून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं पाण्यात सूर. त्या आपटण्यानं डोकं फुटू नये म्हणून चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, आणि पाणी शिरू नये म्हणून चोचीला बाहेरून नाकपुड्याच नसतात. कड्यावर वारा फार असतो. दुर्बीण गळ्यात अडकवूनच काठाकडे जा.