संतमस

संतमस : सेक्स्टन्स तारकासमूहातील बिभा (एचडी ८६०८१) या ताऱ्याभोवती फिरणारा वायुरूप महाग्रह. सूर्यकुलापासून तो सु. ३४० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे वस्तुमान निदान गुरूच्या दीडपट असून ताऱ्याभोवतीची प्रदक्षिणा तो २·१३७५ दिवसांत पूर्ण करतो.

बिभा हा सूर्याहून किंचित तप्त असा पिवळसर पांढरा तारा सिंह राशीतील मघा ताऱ्याच्या दक्षिणेस सु. १६° अंतरावर आहे. नाशिक जिल्ह्यातील हरसूलच्या अक्षांशावरून (सु. २०° उ.) पाहता एप्रिलच्या मध्यास रात्री ९ च्या सुमारास तो दक्षिणेकडे क्षितिजापासून सु. ६६° उंचीवर येतो. मात्र नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. लहान दूरदर्शक लागतो.

ग्रह स्वतः ताऱ्याच्या प्रखर प्रकाशात लोपलेला असतो. त्याचा शोध २००६ मध्ये हवाई बेटावरील केक दूरदर्शकाच्या साहाय्याने अप्रत्यक्षपणे लागला. ग्रह व तारा हे दोन्ही त्यांच्या समाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. त्यामुळे तारा आळीपाळीने निरीक्षकाकडे सरकतो व दूर जातो आणि डॉप्लर परिणामानुसार त्याच्या वर्णपटातील रेषा किंचित स्थानांतरित होतात. बिभाच्या बाबतीत या वेगातील चढउतार मध्यमानाच्या दोन्ही बाजूंस सेकंदाला सु. २०० मी. आहे. या पद्धतीने कक्षेचा कल समजत नसल्याने मिळालेले वस्तुमान हे किमान मूल्य ठरते. प्रत्यक्ष वस्तुमान त्याहून अधिक असू शकते. ग्रहाची त्रिज्या व घनताही या पद्धतीने कळत नाहीत.

संतमस ताऱ्यापासून केवळ सु. ५८ लक्ष किमी. अंतरावर आहे, हे अंतर बुध व सूर्य यांतील सरासरी अंतराच्या सु. एक दशांश भरते. त्यामुळे त्याचे तापमान एक हजार अंश से. हून अधिक असावे. अशा ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा असा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला, तेव्हा ग्रहनिर्मितीच्या प्रचलित कल्पनांना धक्का बसला. ताऱ्याच्या इतक्या निकट, प्रचंड उष्णतेत, महाग्रह घडण्यास पुरेसे द्रव्य साचणे कठीण असते. म्हणून असे बरेच ग्रह दूरवर निर्माण होऊन नंतर आत सरकले असावेत, असे मानतात.

आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाच्या शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये प्रत्येक देशाला एका ग्रहमालेस नाव देण्याची संधी मिळाली. भारताने ताऱ्याला विश्वकिरणांच्या संशोधिका बिभा चौधुरी (१९१३–९१) यांचे नाव दिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्यांनी काम केले होते. ‘संतमस’ हे ग्रहाचे नाव पुण्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने सुचविले. या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ सर्वत्र पसरलेला दाट अंधार असा आहे. ग्रहाला ते देताना मेघाच्छादित वातावरण अभिप्रेत होते.