चिटबॉयचं ऐकतो कोण?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी ऑफिसात एकच प्रश्न दिवसातून शंभर वेळा येतो, "माझ्या उसाला तोड कधी?" त्याचं उत्तर आम्ही देतोच आहोत. पण या अंकात थोडा वेगळा विषय घेतला आहे. ज्यांच्या हातून ही तोड येते, गव्हाण भरते, मिल फिरते, त्या माणसांचं कामातलं मन का उडतं? पगारामुळे, असं उत्तर चटकन मिळतं. तेही खोटं नाही, थकलेल्या पगारावर कुणी हसत ड्युटीला येत नसतो. परंतु पगार वेळच्या वेळी होऊनही मनातून गळालेली माणसं आम्ही पाहिली आहेत, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा वरच्या खुर्चीत सापडतं.

आम्ही पूर्वी एका कारखान्यात होतो. नाव सांगण्याचं कारण नाही. तिथे मिल हाऊसमधल्या ऑईलमनने दुपारच्या पाळीत सांगितलं की एक बेअरिंग तापतंय, आवाज बदललाय. साहेब गाळपाचा आकडा गाठायच्या नादात होते. "तुझं काम तेल घालायचं, इंजिनिअरकी करू नको," असं चार माणसांत बोलले. पहाटे बेअरिंग गेलं आणि मिल सहा तास उभी राहिली. रोजचं गाळप ४००० टन, म्हणजे सहा तासांचा हजार टन ऊस अडकला. यार्डात ट्रॅक्टरची रांग, गाडीवान थंडीत शेकोटीशी, आणि तोडलेला ऊस जागच्या जागी वाळतोय. बेअरिंग बदलून झालं. पण तो ऑईलमन नंतर हंगामभर स्वतःहून काही बोलला नाही. विचारलं तर म्हणायचा, "लॉगबुकात लिहिलंय, साहेब." त्याचं बघून बाकीचेही गप्प झाले.

हे सभासदांना कशासाठी सांगायचं? तर तोडलेला ऊस पडून राहिला की पाणी उडून वजन घटतं, ते नुकसान थेट तुमचं. शिवाय उसातली साखर मोडायला लागते, आणि मोडलेल्या साखरेचा दाणा बनत नाही. उतारा घसरतो. २०२२-२३ च्या हंगामापासून एफ.आर.पी.चा पाया १०.२५ टक्के उताऱ्याचा आहे, आणि त्यापुढे ०.१ टक्क्यालाही पैसे मोजले जातात. पाच लाख टन गाळपावर ०.१ टक्का म्हणजे ५००० क्विंटल साखर. ऑईलमनचं तोंड बंद केल्याची किंमत अशी आपल्या बिलात येते.

सूचनापेटी हाही एक नमुना. टाईम ऑफिसच्या भिंतीला ठोकलेली, कुलूप गंजलेलं, किल्ली कुणाकडे ते कुणाला ठाऊक नाही. न विचारलेलं एक वेळ परवडलं. विचारून उत्तरच न देणं माणसाला जास्त लागतं.

आता शेतकी खात्याचं, म्हणजे आमच्या घरचं. चिटबॉय उन्हात बांधाबांधाने फिरून लागणीच्या तारखेची, जातीची, क्षेत्राची नोंद करतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, अशी क्रमपाळी त्या नोंदीवरून लागते. मग ऐन हंगामात वरून निरोप येतो, "अमक्याचा प्लॉट उद्या तोडा." चिटबॉय टोळी हलवतो. ज्याची पाळी होती तो शेतकरी दुसऱ्या दिवशी त्याचीच गचांडी धरतो. निरोप देणारा त्या वेळी बांधावर नसतो. पुढे कच्चा ऊस आल्याची लॅबची तक्रार आली की खुलासाही त्यालाच मागतात! अशी दोन-तीन वर्षं गेली की शहाणा माणूस काय करील? नोंद घरी बसून भरील. यादी पाळायचीच नसेल तर ती खरी कशाला करायची? तिथून पुढे खोट्या तारखा, कच्चा ऊस आधी आणि पक्का ऊस तुरा येऊन उभा.

आणि बंधूंनो, वरून येणारा तो निरोप आपोआप निघत नाही. वशिला लावणारे आपणच असतो. मालक म्हणून आपण वार्षिक सभेत हात वर करतो, तेव्हा व्यवस्थापनाच्या या चुकीतला वाटाही आपल्याकडे येतो.

तोडणी मजुरांचंही तेच. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सगळ्यात जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडा असं आम्ही सांगतो. पण फडात बाया-माणसांना प्यायला पाणी नाही, भरलेल्या गाड्या काट्यावर रात्रभर उभ्या, आणि वरून मालक बांधावरून शिव्या देतोय. मग कोयता दोन इंच वरूनच चालतो. मुकादमाला ओरडून तो खाली येत नाही.

हा रोग साखरधंद्यापुरता नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, दोष दिसला तरी लाईन थांबवायची नाही, गाडी तशीच पुढे ढकलायची. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ मध्ये तोच कारखाना जनरल मोटर्स आणि जपानच्या टोयोटाने भागीदारीत पुन्हा सुरू केला. कामगार बहुसंख्य जुनेच, युनियनही तीच. मात्र प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी दिली. अडचण दिसली की ती ओढायची, वरचा माणूस मदतीला धावत येणार, आणि गरज पडली तर लाईन थांबणार. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांची प्रत सुधारली. ती भागीदारी २००९ मध्ये संपली, त्याची कारणं निराळी. पण "आमची माणसंच नालायक" असं म्हणणाऱ्यांना फ्रीमाँटचं नाव जरूर सांगावं.

आपल्याकडे दोरी बांधायची गरज नाही. क्रमपाळीची यादी गट ऑफिसच्या फळ्यावर लागावी, पाळी बदलली तर कुणाच्या सांगण्यावरून ते त्याच फळ्यावर लिहावं, आणि चिटबॉयला निरोप तोंडी न देता सहीनिशी द्यावा, असं आम्ही लेखी सुचवलं आहे. पुढच्या गटसभेत चिटबॉयना बोलायला अर्धा तास ठेवला आहे. सभासदांनी त्या वेळी आपली तोडीची चौकशी बाजूला ठेवून नुसतं ऐकायला यावं, ही विनंती. चौकशीला आम्ही नंतर ऑफिसात बसलेलोच आहोत.