कुजक्या लाकडातील चिलटे आणि भातावरील गादमाशी

मृग लागून पावसाची झड बसली की आमच्या चंदगड भागात दिव्याभोवती चिलटांची एकच गर्दी उसळते. उकिरड्यावर, परसातील ओल्या ओंडक्यांवर, फणसाखाली कुजत पडलेल्या गऱ्यांवर आणि गोठ्याच्या भिंतीवरही हीच चिलटे बसलेली आढळतात. पुढे श्रावणात भाताच्या खाचरात रुपेरी पोंगे दिसू लागले, म्हणजे शेतकरी बंधू आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात : ही उकिरड्यावरची चिलटेच भातात शिरली काय? आणि उत्तराची वाट न पाहता कित्येक जण खताच्या खड्ड्यावर रॉकेल किंवा विषारी औषध ओतून मोकळे होतात. यात पैसा जातो, खत बिघडते आणि भाताचा खरा शत्रू मात्र सुखाने नांदत राहतो. म्हणून या दोन कीटकांची कुळी, रूप आणि जीवनक्रम यांचा खुलासा येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम कुळीचा विचार करू. बहुतेक उडणाऱ्या कीटकांस पंखांच्या दोन जोड्या असतात. माशी, डास व चिलट यांस मात्र एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गुंडे असतात आणि उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे काम होय. या लक्षणावरून या सर्वांचा एक गण मानला आहे. त्यास द्विपक्ष गण म्हणतात. या गणातील दीड लाखाहून अधिक जातींचे वर्णन आजवर झालेले आहे. त्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. घरमाशी, गोमाशी इत्यादी आखूड मिशांच्या माश्या एका भागात येतात. डास, चिलटे व तत्सम नाजूक कीटक दुसऱ्या भागात येतात. या दुसऱ्या भागातील कीटकांच्या मिशा मण्यांच्या माळेप्रमाणे पुष्कळ पेरांच्या असतात व पाय लांब आणि किडकिडीत असतात. कुजक्या लाकडातील चिलट आणि गादमाशी ही दोन्ही याच भागातील आहेत. पण भाग एक असला तरी कुळे निराळी आहेत, आणि सगळा भेद त्यातच आहे.

कुजक्या लाकडातील चिलटांच्या कुळास शास्त्रज्ञ ॲनिसोपोडिडी म्हणतात. ‘असमान पायांचा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. पूर्वी या कुळास ऱ्हायफिडी असेही म्हणत. ब्रुनेट्टी या अभ्यासकाने हिंदुस्थानातील द्विपक्ष कीटकांवर 1912 साली जो ग्रंथ लिहिला, त्यात हे कुळ त्या जुन्या नावाने आलेले आहे. पुढे 1928 साली ब्रिटिश म्युझियममधील एडवर्ड्स यांनी जगातील या कुळाचा समग्र आढावा घेतला. कुळ लहान आहे. जगभर मिळून त्याच्या दीडशेच्या आसपास जाती ठाऊक आहेत. त्यांपैकी प्रमुख वंशाचे नाव सिल्व्हिकोला, म्हणजे ‘रानात राहणारा’, असे आहे. आखूड मिशांच्या माश्या ज्या प्राचीन शाखेतून निघाल्या, तिच्याशी या कुळाचे जवळचे नाते असावे असे अनेक शास्त्रज्ञ मानीत आले आहेत. त्यामुळे कुळ लहान असूनही वर्गीकरणकारांस त्याचे महत्त्व मोठे वाटते.

आता हे चिलट ओळखावे कसे? ते डासाहून किंचित भरदार असते व बसताना पंख पाठीवर सपाट मिटून बसते. पंखांवर पुष्कळदा करड्या रंगाचे ठिपके असतात आणि पंखाच्या मध्यभागी शिरांनी वेढलेला एक बंद कोठा स्पष्ट दिसतो. डोक्यावर, दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये, तीन बारीक साधे डोळे असतात. डासास रक्त शोषण्याची लांब सोंड असते, तशी यास नसते. हे चिलट माणसास किंवा जनावरास चावत नाही. लांब पायांची जी मोठी माशी भिंतीवर लटकताना दिसते, तिच्या पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते व तिला ते तीन साधे डोळे नसतात. अळंब्यांवर व ओल्या मातीवर वावरणारी काळसर चिलटे पाठीत कुबड काढल्यासारखी दिसतात आणि त्यांच्या पंखांत तो बंद कोठा नसतो. भिंगाची एक साधी काच हाताशी असली की एवढी पारख कोणासही करता येईल.

याचा जीवनक्रम असा. मादी ओलसर कुजक्या पदार्थावर चिकट द्रवात गुंडाळलेला अंड्यांचा पुंजका घालते. अंड्यांतून बिनपायाच्या, बारीक दोऱ्यासारख्या लांबट अळ्या निघतात. त्यांचे डोके कठीण व स्पष्ट असते आणि स्पर्श होताच त्या सापासारख्या वळवळतात. झाडाच्या जखमेतून पाझरून आंबलेला रस, कुजके लाकूड, शेण, सडलेली फळे व कंद, ओला पाचोळा ही त्यांची घरे होत. विलायतेत सांडपाणी शुद्ध करण्याच्या दगडी थरांतही यांतील एक जात विपुल आढळते. या अळ्या कुजणाऱ्या पदार्थांवर व त्यांतील सूक्ष्म जीवांवर पोसतात. चार वेळा वाढीची पायरी चढून त्या कोषात जातात व उबदार हवेत काही आठवड्यांत चिलट बाहेर पडते. संध्याकाळी झाडाजवळ नरांचे थवे एकाच जागी वरखाली नाचताना दिसतात, तो त्यांचा विवाहमंडप होय. ताम्रपर्णी व घटप्रभा यांच्या खोऱ्यांत आणि तिलारीकडील रानात अशा कुजक्या, ओल्या जागांस तोटा नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. सडक्या रताळ्यात किंवा बटाट्यात अशा अळ्या सापडल्या म्हणजे त्यांनीच कंद सडविला असे आपण म्हणतो. वस्तुतः आधी कंद सडतो, मग त्या येतात. रताळे पोखरणारा खरा कीटक सोंड्या भुंगेरा होय. त्याच्या अळीने केलेली भोके कडू व काळसर पडतात. खताच्या खड्ड्यातील चिलटांच्या अळ्या तर पदार्थ कुजविण्यास हातभारच लावतात. तेथे रॉकेल ओतणे म्हणजे बिनमजुरीने राबणाऱ्या गड्यास हाकलून देण्यासारखे आहे, आणि त्याबरोबर गांडुळेही मरतात ती वेगळीच.

आता गादमाशीकडे वळू. हिचे कुळ सेसिडोमायिडी. या कुळाच्या सहा हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली असून त्यांतील पुष्कळ जाती वनस्पतींच्या अंगात गाठी उत्पन्न करतात. भातावरील गादमाशीचे पहिले शास्त्रीय वर्णन कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील जेम्स वुड-मेसन यांनी 1889 साली केले. आज तिला ओर्सिओलिया ओरायझी म्हणतात. ही माशी जेमतेम तीन मिलीमीटर लांब असते. मादीचे पोट तांबडे असते, नर तिच्याहून लहान व पिवळट असतो. पंखांत शिरा अगदी थोड्या असतात. वर सांगितलेला बंद कोठा नाही, ठिपकेही नाहीत. दिव्यावर आलेल्या चिलटांत तांबड्या पोटाची अशी बारीक चिलटे दिसू लागली की शेतकऱ्याने सावध व्हावे.

गादमाशीचे आयुष्य अवघे दोन-चार दिवसांचे. तेवढ्यात मादी भाताच्या पानांवर शंभराहून अधिक अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. तिला पानावरून खोडाच्या आतील कोंबापर्यंत सरपटत जाण्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. झिमझिम पाऊस, ढगाळ हवा व दमट रात्री तिला मानवतात त्या यामुळेच, आणि आमच्या पश्चिम भागातील हवा तिच्या सोयीची ठरते तीही यामुळेच. कोंबाशी पोचलेल्या अळीच्या चाळवण्याने पानाचा देठ पसरट न होता नळीसारखा वाढतो. सुमारे दोन आठवड्यांत अळी पूर्ण वाढून त्याच नळीत कोषात जाते, आणि तेव्हाच ती नळी झपाट्याने लांब होऊन कांद्याच्या पातीसारखी, रुपेरी दिसू लागते. कोष अंगावरील काट्यांच्या आधारे वर सरकतो, टोकाजवळ भोक पाडतो आणि माशी उडून जाते. अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो. ज्या फुटव्याचा पोंगा झाला त्यास लोंबी कधीच येत नाही. मात्र फुटव्यांच्या पोटात लोंबी धरू लागल्यावर या अळीचा उपद्रव थांबतो.

यातून शेतकऱ्याने ध्यानात धरावयाची गोष्ट ही, की पोंगा डोळ्यांस दिसतो तेव्हा त्यातील अळीचे काम आटोपलेले असते. त्या पोंग्यावर औषध फवारून गेलेला फुटवा परत येत नाही. उपाय करावयाचा तो पुढच्या पिढीविरुद्ध आणि तोही मोजून. शेतात आडवेतिडवे फिरून निरनिराळ्या वीस चुडांतील सर्व फुटवे मोजावे. दोनशे फुटव्यांत दहा पोंगे, म्हणजे शेकडा 5, भरले तर औषधाचा विचार करावा आणि तो कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणे करावा. याहून कमी भरल्यास हात आवरलेला बरा. कारण प्लॅटीगॅस्टर नावाची एक सूक्ष्म काळी गांधीलमाशी गादमाशीच्या पिढीत आपली अंडी घालते व एकेका अळीच्या अंगातून तिची पुष्कळ पिले निघतात. वेळी-अवेळी विष घातले तर हा आपला कैवारीच आधी मरतो.

खरे उपाय पेरणीपासूनच आहेत. उशिरा लावलेल्या भातावर गादमाशीचा मारा अधिक होतो, कारण तोवर आसपासच्या शेतांत तिच्या पिढ्या वाढलेल्या असतात. म्हणून धूळवाफ पेरणी असो वा रोप लावण असो, शिवारातील सर्वांनी ती एका सुमारास उरकावी. एकट्याने वेळ साधून शेजारी मागे राहिला तर लाभ अर्धाच होतो. बांधावरील व पाणथळीतील रानभात, तसेच कापणीनंतर बुडख्यांतून फुटलेले भात काढून टाकावे, कारण हंगाम नसताना गादमाशी तेथेच तग धरते. नत्रखत एकदम न घालता हप्त्याहप्त्याने द्यावे. प्रतिकारक वाण निवडावे. पण गादमाशीचे पोटभेद प्रांतोप्रांती निराळे असल्याने एका प्रांतात टिकणारा वाण दुसऱ्या प्रांतात टिकेलच असे नाही. म्हणून आपल्या भागासाठी शिफारस झालेलाच वाण घ्यावा. रात्री खाचराजवळ दिवा व खाली पाण्याची परात ठेवून पडलेली चिलटे सकाळी भिंगाने पाहावी. ठिपक्यांच्या पंखांची असतील तर स्वस्थ असावे, तांबड्या पोटाची असतील तर खाचरात उतरावे.

असो. दोन कीटक दिसावयास सारखे असले तरी एक आपले खत कुजवितो आणि दुसरा आपली लोंबी हिरावतो. दोघांस एकच शिक्षा देणे हा न्याय नव्हे आणि शहाणपणही नव्हे. आमच्या सभासद बंधूंनी यंदाच्या पावसाळ्यात औषधाच्या डब्यास हात घालण्यापूर्वी एकवार भिंग हातात घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.