तोळाभर शिसे, मापभर दारू

ठासणीची बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोकणातल्या एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर खुंटीला टांगलेली, गंज चढलेली, रानडुकरांना भिवविण्यापुरती उरलेली नळी येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार आपल्याकडे गोष्टींतच राहिली. परंतु अमेरिकेतील ज्या ओहायो राज्यात माझे वास्तव्य आहे, तेथे हरणांच्या शिकारीसाठी जानेवारीतले काही दिवस मुद्दाम ठासणीच्या बंदुकीला राखून ठेवलेले असतात. बार एकच. तो चुकला तर पुन्हा तोंडातून दारू ओतून गोळी गजाने ठासेपर्यंत हरीण शेजारच्या गावी पोहोचलेले असते! आणि चुकला नाही, पण नीट बसलाही नाही, तर त्याहून वाईट. जखमी जनावर झाडोऱ्यात शिरते आणि दोन दोन दिवस तडफडून मरते.

आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक, या एका गोष्टीला फार भितात. त्यांच्या नादाने मीही या विद्येत थोडासा शिरलो. बंदूक मी उडवीत नाही. मापे मोजून द्यावयाची आणि वहीत टिपून ठेवावयाचे, एवढेच माझे काम.

या मंडळींचे वजनाचे परिमाण ग्रेन. ऐकून बिचकू नका. आपला सोन्याचा तोळा बरोबर १८० ग्रेनचा. पन्नास कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच तोंडाच्या बंदुकीत जुन्या काळी जी शिशाची गोल गोळी घालीत, ती जवळजवळ तोळाभर भरते. जवळच्या हरणाला ती पुरे. पण गोल गोळीचा वेग वाऱ्यात भराभर ओसरतो.

मिसुरी राज्यातील टोनी नाइट नावाच्या कारागिराने १९८५ साली नव्या घडणीची ठासणीची बंदूक बाजारात आणली. तिच्यात ठिणगी दारूच्या थेट पाठीमागून पडते आणि नळीतले आटे गोळीला अठ्ठावीस इंचांत एक फेरा देतात. अशा नळीला लांबट गोळी मानवते. ती कोठून आणावी? तर पिस्तुलाची! चव्वेचाळीस किंवा पंचेचाळीस कॅलिबरची गोळी या नळीत सैल पडते, म्हणून तिला प्लॅस्टिकची वाटी घालतात. तिचे नाव सॅबो. फ्रेंचमध्ये सॅबो म्हणजे लाकडी जोडा. आपण खडावा म्हणू. नळीबाहेर पडताच गोळी खडावा टाकून पुढे जाते. कोलोरॅडो राज्याने मात्र ठासणीच्या हंगामात या खडावांना मज्जाव केला आहे. जुनी विद्या जुन्याच रीतीने चालावी, असे तेथील लोकांचे म्हणणे, आणि मला ते अगदीच गैर वाटत नाही.

आता खरी मेख. दुकानात पंचेचाळीसच्या दोन गोळ्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. दोन्हींना तांब्याचे कवच, दोन्हींचे नाक पोकळ, जाडी जवळजवळ सारखी. पैकी एक स्वयंचलित पिस्तुलासाठी केलेली. तिने सेकंदाला साडेआठशे फुटांच्या सुमारास वेग घ्यावा आणि तेवढ्यावर उमलावे, अशी तिची घडण. ठासणीची बंदूक तिला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फेकते. मग ती हरणाच्या खांद्यावर आदळताच फुटते. वर मोठी जखम, आत काही नाही. दुसरी जाड कवचाची, दांडग्या रिव्हॉल्व्हरसाठी केलेली. ती हा मार सोसते. परंतु फारच टणक गोळी घेतली आणि हरीण लांब असले, तर ती न उमलता सुईसारखी आरपार जाते. म्हणून आमचे शेजारी दुकानदाराला किंमत विचारण्याआधी विचारतात, “ही कोणत्या वेगासाठी केली आहे?”

ओल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून त्यांनी मला याचा पडताळा दाखविला. पहिल्या गोळीच्या चिंध्या वरच्या काही अंकांतच सापडल्या. चव्वेचाळीस मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी केलेली २४० ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याहून किंचित जड गोळी, खोल जाऊन अळंबीसारखी फुललेली निघाली. तीच त्यांनी घेतली.

दारूचे म्हणाल तर सोरा, गंधक आणि कोळसा, हाच तिचा जुना संसार. वास थेट नरकचतुर्दशीच्या पहाटेचा! हल्ली तिच्या जागी दुसऱ्या तयार पुडीही मिळतात. त्या वजनाला हलक्या, म्हणून त्या तागडीत तोलत नाहीत, काळ्या दारूच्याच मापाने घेतात. काडतुसातली बिनधुराची दारू मात्र साध्या ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही घालू नये, नळीच फुटेल.

तरुण शिकारी दीडशे ग्रेनपर्यंत माप चढवितात. दणका मोठा, धूर मोठा, ऐटही मोठी! आमच्या वहीत मात्र वेगळेच निघाले. शंभर यार्डांवर तीन तीन बार काढले. सत्तरच्या मापाला तिन्ही छिद्रे बशीत मावतील एवढी, नव्वदला वाटीत मावतील अशी, आणि एकशेदहाला परातही अपुरी. प्रत्येक बंदुकीचा स्वभाव निराळा, म्हणून हे माप दुसऱ्याने उचलू नये. कारखानदाराच्या पुस्तिकेतली मर्यादा पाहून आपले आपण शोधावे. दोन बारांमध्ये नळी ओल्या चिंधीने पुसावी आणि गजावर खूण करावी. गोळी दारूला टेकली की खूण तोंडाशी येते. मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका.

जानेवारीत बर्फ होते. पहिले हरीण दीडशे यार्डांवर उभे राहिले. शेजाऱ्यांनी घोडा चढविलाच नाही. दुसरे तासाभराने सत्तर यार्डांवर आडवे आले. बार झाला, धुराने काही दिसेना. धूर विरल्यावर पाहतो तो बर्फावर लाल माग स्पष्ट, आणि तीसएक पावलांवर हरीण निपचित पडलेले. गोळी दोन्ही फुप्फुसांतून पार गेली होती.

काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि एका रात्रीत नळी गंजविते. त्यामुळे हरणाची व्यवस्था लागताच ते गरम साबणाचे पाणी मागू लागले. बंदूक आमच्या न्हाणीघरात धुतली. कुजक्या अंड्यांचा तो वास दोन दिवस गेला नाही, आणि सौभाग्यवतीने पुढल्या वर्षीची सोय शेजाऱ्यांच्याच घरी लावून दिली आहे.