रक्त दिले, आता हिशेबही विचारा



केळीच्या मळ्यातली माती परीक्षणाला पाठवली आणि अहवाल घरी आलाच नाही, तर खत आंधळेपणानेच टाकावे लागते. माणसाच्या रक्ताचेही तसेच आहे.

1 जुलै 2023 रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. आदिवासीबहुल भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करणे आणि 2047 पर्यंत या रोगाचे उच्चाटन करणे, हे त्याचे ध्येय. पहिली चाचणी सोपी असते. तीत दोष दिसला, तर खात्रीच्या निदानासाठी दुसरी करावी लागते. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 4 पैकी 1 असते. म्हणून लग्नापूर्वीच निकाल कळायला हवा. रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मिळाले, तर वेदनांचे झटके कमी होतात. निकाल दप्तरात पडून राहिला, तर यातले काहीच साधत नाही.

तेव्हा 'किती जणांचे रक्त घेतले' एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. दुसरी चाचणी किती जणांची झाली? निकाल किती जणांच्या हाती पडला? औषध किती जणांना सुरू झाले?

न्यूझीलंडने हा धडा दुःखातून घेतला. गिस्बर्न गावी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीतील नमुने चुकीचे वाचले गेले. बायकांना 'सारे ठीक आहे' असे कळवले गेले आणि रोग आत वाढत राहिला. 2001 साली चौकशीचा अहवाल आला. 2004 साली तेथील आरोग्य कायद्यात दुरुस्ती झाली: दर 3 वर्षांतून निदान एकदा समितीने या कार्यक्रमाची पाहणी करावी आणि मंत्र्यांनी तो अहवाल संसदेपुढे ठेवावा. हिशेब देणे तेथे मर्जीवर राहिले नाही.

आपल्या हाती 2005 चा माहितीचा अधिकार कायदा आहे. त्याच्या कलम 4 प्रमाणे सरकारी कार्यालयाने आपल्या कामाची माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते. ती न मिळाल्यास जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातील लोक सूचना अधिकाऱ्याकडे हिंदीत अर्ज करा. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना शुल्क नाही. मात्र आकडे मागा, कोणाचे नाव मागू नका. आजार ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. हेच प्रश्न ग्रामसभेतही विचारता येतात.

आशाताई आणि नर्सबाई उन्हातान्हात राबतात. त्यांच्याशी भांडण काढण्यासाठी हे नाही. लूकच्या शुभवर्तमानातील धन्याने कारभाऱ्याकडे हिशेब मागितला, कारण मालमत्ता त्याने सोपवलेली होती. येथे आपण आपल्या लेकरांचे रक्त सोपवले आहे.

ज्यांच्या घरी तपासणी होऊनही निकाल आलेला नाही, त्यांनी या आठवड्यातच आरोग्य केंद्रात जाऊन तो मागावा. लग्न ठरत असलेल्या घरांनी तर मुळीच थांबू नये.